रस्ता आधी पडद्यावर खणा

प्रति,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण, नाशिक महानगरपालिका आणि नाशिक परिसरातले मोठे रस्ते आखणारे सर्व अभियंते व अधिकारी यांस,

विषय: मोठ्या रस्त्यांच्या नियोजनात डिजिटल ट्विनचा, म्हणजे रस्त्याच्या संगणकातल्या जुळ्याचा, वापर, आणि तो निविदेच्या आधी करण्याबद्दल.

सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीत राहतो आणि गेली २७ वर्षं मोजणीचं काम करतो. साखळी आणि प्लेन टेबलवर हात बसला, मग ऑटो लेव्हल, टोटल स्टेशन, डीजीपीएस आणि आता ड्रोन. या जिल्ह्यातल्या कितीतरी रस्त्यांवर मी उन्हातान्हात स्टाफ (उंची मोजायची पट्टी) धरला आहे, चुन्याची फक्की मारली आहे. त्यातल्या एका फक्कीची गोष्ट आधी सांगतो, कारण हे पत्र तिच्यामुळेच लिहायला घेतलं.

काही वर्षांपूर्वी जुन्या वस्तीला लागून एका रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. मला मिळालेल्या नकाशावर पाण्याची बारा इंची लाइन रस्त्याच्या डाव्या कडेला, गटारीपासून सव्वा मीटरवर दाखवली होती. मी त्याप्रमाणे फक्की मारली आणि उजवी बाजू खणायला मोकळी आहे, असं सांगितलं. रात्री अकराच्या सुमारास पोकलेनचं बकेट उजव्या बाजूला खाली गेलं आणि आवाज आला. मुरमावर बकेट आदळलं की एक आवाज येतो, काळ्या पाषाणावर आदळलं की दुसरा. हा तिसराच होता, बिडाचा पाइप फुटल्याचा. पाणी समोरच्या घराच्या गॅलरीपर्यंत उडालं. बाया अंधारात घरातलं सामान उचलून ओट्यावर ठेवत होत्या आणि मी हातात नकाशा घेऊन बॅटरीच्या उजेडात बघत होतो की माझं कुठे चुकलं.

अर्ध्या तासाने त्या भागातले व्हॉल्व्हमन काका सायकलवरून आले. सायकलच्या दांडीला व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी बांधलेली. त्यांनी नकाशा हातातही घेतला नाही. चपलेच्या टाचेने डांबर खरवडत खरवडत चार-सहा पावलं चालले, एका जागी थांबले आणि म्हणाले, “इथं खोदा. झाकण खाली गेलंय. गटार टाकली तेव्हा लाइन पलीकडं सरकवली होती, कागदावर कोणी घेतलं नाही.” दोन हात खणल्यावर झाकण सापडलं. व्हॉल्व्ह बंद झाला. तीन दिवस चार गल्ल्या टँकरवर होत्या. नकाशा जुना होता, पण फक्की मी मारली होती. आजही त्या गल्लीतून जाताना मला ते टोचतं.

त्या रस्त्याचा खरा नकाशा त्या रात्री कुठल्याही कार्यालयात नव्हता. तो एका माणसाच्या डोक्यात होता.

आता मोठ्या रस्त्यांच्या प्रत्येक चर्चेत ‘डिजिटल ट्विन’ हा शब्द ऐकू येतो. मला तो आवडतो आणि त्याची मला काळजीही वाटते. आवडतो, कारण नीट केलं तर तीन दिवस टँकरवर राहिलेल्या त्या चार गल्ल्यांसारखा त्रास टळू शकतो. काळजी अशासाठी की, रस्त्याची सुंदर चित्रफीत बनवून तिलाच ट्विन म्हणण्याचा मोह फार मोठा आहे. म्हणून नेमकं काय मागतो आहे, ते आधी मांडतो.

नाशिककरांना हे समजावून सांगायला परदेशात जावं लागत नाही. अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही टूलरूममध्ये जा. सीएनसी मशीनवर जॉब चढवण्याआधी तिथला पोरगा संगणकावर सिम्युलेशन चालवतो. टूल चकला, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या भागाला, आदळणार असेल, तर ते पडद्यावर आदळतं आणि पोरगा प्रोग्रॅम सुधारतो. काही हजार रुपयांच्या लोखंडाच्या तुकड्यासाठी आपण एवढी दक्षता घेतो. रस्त्याच्या बाबतीत मात्र पहिली टक्कर थेट जमिनीत होते, आणि फुटतो तो लोकांचा पाइप.

ही कल्पनाही कारखान्यातूनच आलेली आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्हज यांनी २००२ मध्ये वस्तूच्या जन्मापासून मोडीत निघेपर्यंत तिच्यासोबत राहणाऱ्या संगणकीय जोडीदाराची मांडणी केली. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव पुढे २०१० च्या सुमारास नासाच्या जॉन व्हिकर्स यांच्यामुळे रुळलं. जाणकार यात तीन पायऱ्या मानतात. संगणकातलं चित्र आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्यात काहीच देवाणघेवाण नसेल, तर ते नुसतं मॉडेल. वस्तूकडून चित्राकडे माहिती आपोआप येत असेल, पण उलट काही जात नसेल, तर ती सावली. माहिती दोन्ही बाजूंनी वाहत असेल, म्हणजे रस्त्यावर काय चाललंय ते पडद्याला कळतं आणि पडद्यावर काढलेल्या निष्कर्षाने रस्त्यावरचा सिग्नल, बॅरिकेड किंवा पंप हलतो, तेव्हाच त्याला जुळा म्हणायचं. निविदेच्या कागदात ‘ट्विन’ लिहून प्रत्यक्षात मॉडेल घेतलं जाऊ नये, ही माझी पहिली विनंती. या तिन्हींतलं नेमकं काय घेणार, ते कागदावर स्पष्ट लिहा.

आपल्या राज्याला हे नवीन नाही. नागपूर मेट्रोच्या बांधकामात महामेट्रोने पाच मितींचं बीआयएम, म्हणजे बांधकामाचं सगळ्या माहितीसकट संगणकीय मॉडेल, वापरलं. लांबी, रुंदी, उंची, आणि त्यांना जोडून वेळ आणि पैसा. कुठला खांब कोणत्या महिन्यात उभा राहणार आणि त्याचं बिल किती होणार, हे एकाच मॉडेलमध्ये दिसत होतं. केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३५ पर्यंत देशातल्या मोठ्या शहरांचा डिजिटल जुळा उभा करायचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे हे कधी ना कधी नाशिकमध्येही होणारच आहे. सिंहस्थाचे रस्ते झाल्यावर होणार की आधी, एवढंच आपल्या हातात आहे.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. आज काय होतं, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. सल्लागार डीपीआरसाठी, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालासाठी, एक मोजणी करतो. निविदा निघते, कार्यादेश मिळतो, मग ठेकेदार स्वतःची मोजणी करतो आणि दोन्हींच्या लेव्हल जुळत नाहीत. खणल्यावर केबल निघते, जलवाहिनी निघते, जुनी दगडी गटार निघते. मग युटिलिटी शिफ्टिंगचं (या लाइनी हलवण्याचं) अंदाजपत्रक वेगळं, एक्स्ट्रा आयटम वेगळे, मुदतवाढ वेगळी. त्या काळात रस्ता अर्धा खणलेला पडून राहतो आणि कडेचा दुकानदार फळी टाकून गिऱ्हाइकाला आत घेतो. हे टाळायचं तर जुळा डीपीआरच्या टप्प्यात तयार व्हायला हवा, निविदा भरणाऱ्या प्रत्येकाला तो मिळायला हवा आणि त्याच्यावरच दर भरले जायला हवेत. कार्यादेशानंतर बनवलेला जुळा कामाची प्रगती दाखवायला उपयोगी पडेल. पण निर्णय तोवर होऊन गेलेले असतात.

जमिनीखालचं कसं शोधायचं, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात सगळं गाडं तिथेच अडतं. वरचं सगळं ड्रोन आणि लायडरने (लेझर किरणांनी मोजणाऱ्या यंत्राने) सोपं झालं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स जाळं (उपग्रहांवरून जागा नेमकी सांगणारी कायमची केंद्रं) वापरलं तर सेंटिमीटरात अचूकता मिळते. निमाणी ते रामकुंड एवढा पट्टा उडवायला एखादी सकाळ पुरते. (फक्त देवळालीची छावणी, ओझरचा विमानतळ आणि नोट प्रेस यांमुळे नाशिकच्या बऱ्याच भागात ड्रोनला बंधनं आहेत. परवानग्यांचा अर्ज पहिल्या दिवशी टाका, नाहीतर यंत्र पेटीतच राहतं.) खालचं मात्र असं दिसत नाही. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेने त्यासाठी माहितीच्या चार प्रती, म्हणजे खात्रीचे चार दर्जे, ठरवल्या आहेत. ‘ड’ म्हणजे नुसत्या जुन्या कागदांवरून घेतलेली माहिती. ‘क’ म्हणजे कागद आणि वर दिसणारी झाकणं, व्हॉल्व्ह, खांब यांची जुळणी. ‘ब’ म्हणजे रडार किंवा विद्युतचुंबकीय यंत्राने घेतलेला शोध. ‘अ’ म्हणजे प्रत्यक्ष छोटा खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहिलेली, खोली मोजलेली लाइन. त्या रात्री माझ्या हातात होता तो ‘ड’ प्रतीचा नकाशा, आणि मी त्याच्यावर ‘अ’ प्रतीसारखा विश्वास ठेवला. जुळ्यामधल्या प्रत्येक पाइपाशेजारी ही प्रत लिहिलेली असलीच पाहिजे. पडद्यावर सगळे पाइप सारख्याच चकचकीत निळ्या रंगात दिसले, तर पाहणाऱ्याला सगळे सारखेच खरे वाटतात.

यात नाशिकची म्हणून एक अडचण आहे. जमिनीत लहरी सोडून पाइप शोधणारं रडार आपल्या काळ्या चिकट मातीत नीट चालत नाही. ओल्या मातीत लहरी विरून जातात आणि पडद्यावर नुसती धूसर पट्टी दिसते. मुरमाड भागात तेच यंत्र छान काम करतं. तेव्हा हे सर्वेक्षण एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना करा आणि जिथे काळी माती आहे, तिथे यंत्रावर विसंबू नका, चाचणी खड्डे घ्या. पावसाळ्यात घाईने केलेलं रडार सर्वेक्षण फाइलमध्ये लावायला चालतं, खणायला चालत नाही.

आणि व्हॉल्व्हमनना बोलवा. पाणीपुरवठ्याचे, मलनिस्सारणाचे, वीज कंपनीचे लाइनमन, टेलिफोनचे जुने केबल जॉइंटर. यांच्यातले बरेच जण निवृत्तीच्या दारात आहेत, काही केव्हाच निवृत्त झाले. प्रत्येकाला त्याच्या भागातून एकदा पायी फिरवा, रोजचा भत्ता द्या, सोबत टोटल स्टेशनवाला द्या. ते जिथे टाच टेकवतील, तिथे बिंदू घ्या आणि ती माहिती कोणाकडून मिळाली, तेही नोंदवा. ही माहिती कुठल्याच सॉफ्टवेअरसोबत मिळत नाही. ती त्या माणसांबरोबर घरी जाईल आणि परत येणार नाही.

ब्रिटनमध्ये असं काम देशभरासाठी चालू आहे. पाणी, गॅस, वीज, टेलिफोन अशा सगळ्यांच्या भूमिगत लाइनी एका नोंदवहीत आणायला त्यांनी २०२१ पासून सुरुवात केली. तिथल्या सरकारच्या अंदाजानुसार त्यांच्याकडे वर्षाला सुमारे ४० लाख खड्डे खणले जातात. आपल्याकडेही केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खणणाऱ्याने आधी कळवायचं, ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना सूचना जाते. चांगली सोय आहे. पण ज्याची लाइन आहे त्यालाच ती नेमकी कुठे आहे हे माहीत नसेल, तर सूचना मिळून तो काय सांगणार? ॲप आणि जुळा एकमेकांना जोडले, तरच दोघांचा उपयोग.

शहराच्या बाहेर आलं की प्रश्न बदलतो. शहराभोवती सुमारे ६६ किलोमीटरचा परिक्रमा मार्ग आखला जातो आहे. तो द्राक्षबागांमधून, भाजीपाल्याच्या मळ्यांमधून जाणार. इथे सातबारा आणि गट नंबरावर जमीन दिसते, पण जमिनीवरचा संसार दिसत नाही. दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी नदीवरून, धरणावरून, विहिरीवरून कोसकोस पाइपलाइनी आणल्या आहेत. चार भावांनी मिळून, कधी दहा शेजाऱ्यांनी वर्गणी काढून, कर्ज काढून. त्या दुसऱ्यांच्या बांधाखालून जातात आणि बहुतेक कुठल्याही सरकारी नकाशावर नसतात. संयुक्त मोजणीला विहीर लिहिली जाते, झाडं मोजली जातात, मंडपाचे अँगल मोजले जातात. पाइपलाइन ज्याच्या जमिनीखालून जाते, तो ती आपली म्हणून सांगत नाही, आणि ज्याची आहे, त्याची जमीन संपादनातच नसते. रस्ता झाल्यावर त्याची बाग वाळते आणि त्याला कुठल्याच यादीत जागा नसते.

मी अशाच एका मोजणीला हजर होतो. एक आजी बांधावर बसून होत्या. सगळं मोजून झालं, पंचनाम्यावर सह्या झाल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, “बाबा, माझं पाणी रस्त्याच्या पल्याड कसं जाईल?” त्यांची एक गुंठाही जमीन जात नव्हती. मोजणीच्या अर्जात त्यांच्या प्रश्नाला रकाना नव्हता. जुळ्यामध्ये तो असू शकतो. भरावाखालून सोडायच्या नळीची जागा आखणीतच धरली, तर तिचा खर्च रस्त्याच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ असतो. नंतर तोच डांबरी थर फोडून नळी टाकायची म्हणजे परवानग्यांसाठी वर्षं जातात.

तेच ओहोळांचं. भराव घातला की पाण्याची जुनी वाट अडते आणि मोरी एका बाजूला चुकली तरी वरच्या अंगाचं शेत तळं होतं. लायडरने घेतलेल्या चढउतारावर पाऊस पाडून बघणं हे आज संगणकाला काही तासांचं काम आहे. कुठे पाणी तुंबतं, कुठली मोरी अपुरी पडते, ते आखणी बदलता येते तोवरच कळू शकतं. मात्र हा पाऊस सरासरीचा नको. इगतपुरी-त्र्यंबकच्या अंगाला पडणारा पाऊस वेगळा आणि सिन्नरच्या अंगाचा वेगळा, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, संगणकाला मात्र सांगावं लागतं.

आता सिंहस्थ. २७ ऑगस्ट २००३ या दिवसाबद्दल पंचवटीत अजूनही खालच्या आवाजात बोललं जातं. सरदार चौकाच्या परिसरात, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जीव गेले. माझं घर तिथून फार लांब नाही. दुपारनंतर रस्त्यात पडलेल्या चपलांचे ढीग मी पाहिले आहेत. एका चौरस मीटरात सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला नेते. उतार असेल, वळण असेल, पुढे वाट आकसत असेल, तर मागच्याला पुढचं काही कळत नाही. आज हे आधी पाहता येतं. गल्लीची खरी रुंदी, ओट्यांचे पुढे आलेले कठडे, पायऱ्या, उतार, सगळं सेंटिमीटरात घेऊन त्यात माणसं सोडून बघता येतात, किती वाजता कुठे दाब वाढेल, ते दिसतं. कॅमेऱ्यांवरून येणारी मोजणी त्याला जोडली, तर दाब वाढायच्या आधी मागचं बॅरिकेड बंद करता येतं. हाच तो दोन्ही बाजूंनी वाहणारा जुळा. त्याची सर्वांत जास्त गरज कुठे आहे, असं मला विचाराल, तर मी सहापदरी महामार्गाचं नाव घेणार नाही. मी त्या गल्ल्यांकडे बोट दाखवीन.

यात नदी धरलीच पाहिजे. २०२७ ची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला आहेत. गोदेचे २०१६ आणि २०१९ चे मोठे पूर ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात आले होते. म्हणजे लाखो माणसं काठावर असतील तेव्हाच गंगापूर धरणातून पाणी सोडायची वेळ येऊ शकते. आम्ही पंचवटीकर पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो, पाणी पायाशी आलं, कमरेला आलं, गळ्याला लागलं. धरणातून अमुक क्युसेक सोडलं तर ते कोणत्या घाटावर, कोणत्या रस्त्यावर, किती वेळाने येईल आणि त्या वेळी माणसांनी कोणत्या वाटेने वर चढायचं, हे रस्त्याच्या जुळ्यामध्ये नसेल, तर तो नाशिकचा जुळा नव्हे. जलसंपदाचं पाणी एका पडद्यावर, पोलिसांची गर्दी दुसऱ्या पडद्यावर आणि रस्त्यांची आखणी तिसऱ्या कार्यालयात, असं ठेवू नका.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे भेटतात त्या द्वारका चौकात काय होतं, ते सांगायला नको. तिथे पायी चालणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला आणि लोक वरूनच रस्ता ओलांडत राहिले. माणूस कुठून येतो, हातात काय असतं, त्याला रिक्षा कुठे मिळते, हे आखणीत आलं असतं तर जिने कदाचित दुसरीकडे उतरले असते. सॉफ्टवेअर घेतानाही सावध राहा. यातली बरीचशी सॉफ्टवेअर्स लेनमध्ये चालणाऱ्या गाड्यांसाठी जन्मली. आपल्याकडे दोन ट्रकांच्या मधून दुचाकी निघते, रिक्षा सिग्नलच्या पुढे जाऊन थांबते, आणि पिंपळगाव-लासलगावकडे कांद्याचे ट्रॅक्टर निघाले की सगळ्या रस्त्याची गतीच बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे कंटेनर, एकादशीला पायी दिंड्या. जूनच्या दोन दिवसांत मोजलेली वाहनं वर्षभराची म्हणून भरली, तर पडद्यावरचं नाशिक कोणतंतरी दुसरंच शहर असेल. नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते. ती मेट्रो उभी राहिली नाही आणि तिच्यासाठी मोजलेल्या प्रवाशांचे आकडे मात्र शिळे झाले. मोजणी एकदाच करून भागत नाही, ती चालू ठेवावी लागते.

आपण म्हणाल, वेळ कुठे आहे, पैसा कुठे आहे. वेळ कमी आहे, हे मलाही दिसतं. म्हणून सगळं शहर एकदम घ्या असं मी म्हणत नाही. निमाणी ते रामकुंड आणि सरदार चौक एवढाच पट्टा घ्या. तो नीट करा, खालच्या लाइनींसकट, पुरासकट, गर्दीसकट. परिक्रमा मार्गाचा एक तुकडा घ्या, ज्यात एक ओहोळ, एक वस्ती आणि पाचपन्नास पाइपलाइनी येतात. या दोन ठिकाणी जे शिकाल, ते पुढच्या निविदांच्या अटींत लिहा.

त्या अटींमध्ये दोन गोष्टी मात्र सोडू नका. एक, काम संपल्यावर ठेकेदाराने प्रत्यक्षात जे बांधलं, ते जुळ्यात भरल्याशिवाय अंतिम बिल निघू नये, आणि पुढे रस्ता कोणीही खणला, तरी त्याने बुजवण्याआधी लाइनची जागा आणि खोली भरावी. खड्डा उघडा असतो तो एकच दिवस, तेव्हा दहा मिनिटांत मोजणी होते. बुजल्यावर तीच माहिती मिळवायला पुन्हा खणावं लागतं. दुसरं, माहितीची मालकी महापालिकेची आणि प्राधिकरणाची असावी, ती खुल्या स्वरूपात असावी आणि सल्लागार बदलला तरी उघडता यावी. बांधकामातली माहिती कशी सांभाळायची, याचं आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानक तयारच आहे. एखाद्या कंपनीचा करार संपला आणि शहराचा जुळा तिच्याच कुलपात राहिला, तर आपण पुन्हा कागदी नकाशावर येऊ.

आणि तो आम्हाला दाखवा. हरकती-सूचना मागवताना आज आपण एक ए-फोर कागद सूचना फलकावर लावता. त्यावरच्या रेषा वाचायला मला मोजणीदार असून भिंग लागतं. त्याऐवजी विभागीय कार्यालयात, ग्रामपंचायतीत, मारुतीच्या पारावर एक पडदा लावा. शेतकऱ्याला त्याचा गट दाखवा, त्याची विहीर दाखवा आणि विचारा, अजून काय आहे इथे? दुकानदाराला त्याच्या दारासमोरचा रस्ता किती इंच वर येणार, ते दाखवा, म्हणजे पावसाचं पाणी दुकानात शिरणार की नाही, हे तो स्वतःच सांगेल. झाडांचंही तेच. तपोवनातल्या झाडांवरून शहरात किती वाद झाला, ते आपण पाहिलं. लायडरमध्ये प्रत्येक झाड त्याच्या घेरासकट आणि उंचीसकट येतं. आखणी दोन मीटर सरकवली तर किती झाडं वाचतात, हे लोकांसमोर बसून बघता येईल. सुरक्षेसाठी काही थर बंद ठेवावे लागतील, ते मान्य आहे. बाकीचे उघडे ठेवा.

माझ्याकडून काय देता येईल, ते लिहून थांबतो. माझ्याकडे २७ वर्षांच्या फील्डबुका आहेत. पंचवटी, मखमलाबाद, आडगाव, पेठ रोड या भागांतल्या लेव्हली, टीबीएमच्या (उंचीच्या तात्पुरत्या संदर्भबिंदूंच्या) खुणा, उघड्या खड्ड्यात दिसलेल्या लाइनी. काहींवर चिखलाचे डाग आहेत, पण आकडे वाचता येतात. त्या मी विनामूल्य द्यायला तयार आहे, कोणीतरी घेऊन स्कॅन करावं एवढीच अट.

आणि ते व्हॉल्व्हमन काका. परवा भेटले. येत्या मे महिन्यात निवृत्त होतात, मग गावी जाणार आहेत. मी त्यांना विचारलं, भाग एकदा फिरून दाखवाल का? म्हणाले, “दाखवीन की. पण सायब कोण येणार?” पहाटे साडेचारला ते पहिला व्हॉल्व्ह खोलतात, साडेसहापासून आठपर्यंत मोकळे असतात. ट्रायपॉड घेऊन मी येतो. आपल्यापैकी कोणी यायचं, ते कळवावं.

आपला,
पंचवटीतला एक मोजणीदार